शिरेतून दिली जाणारी ग्लुकोज द्रावणे : सुरक्षित वापर

पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि उरलेले सगळे पाणी. ही बाटली शिरेतून दिल्यावर साखर काही तासांत पेशी वापरून टाकतात आणि शरीरात मागे राहते ते पाणी. त्या पाण्यात सोडियम नसते, पोटॅशियम नसते, दुसरा कोणताही क्षार नसतो. ग्लुकोजची द्रावणे केव्हा उपयोगी पडतात, केव्हा घात करतात आणि एकाच रुग्णाला सकाळी योग्य असलेली बाटली संध्याकाळी अयोग्य का ठरते, हे यावरून कळते. ग्लुकोज, म्हणजेच बाटलीवर छापलेले डेक्स्ट्रोज, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते औषध आहे. म्हणून त्याला मात्रा आहे, वेग आहे, वर्ज्य स्थिती आहेत आणि दुष्परिणामही आहेत.

बाटलीतून मिळणाऱ्या ऊर्जेचा हिशेब आधी करून टाकावा. २५ ग्रॅम ग्लुकोजमधून ८५ ते १०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे साधारण एका मध्यम पोळीइतक्या. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, लोह यांतले काहीही मिळत नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दवाखान्यांत अशक्तपणासाठी बाटली लावून घेण्याची रीत आहे. त्या बाटलीत जीवनसत्त्वांचे इंजेक्शन टाकले की द्रावण पिवळे दिसते आणि अधिक ताकदीचे वाटू लागते. तोंडाने खाऊ-पिऊ शकणाऱ्या माणसाला त्यातून जेवणापेक्षा जास्त काही मिळत नाही. उलट सुई टोचल्यामुळे जंतुसंसर्गाचा, शीर सुजण्याचा आणि मधुमेह असल्यास साखर वाढण्याचा धोका मात्र पदरी येतो. अशक्तपणाचे खरे कारण रक्तक्षय असो, क्षयरोग असो, थायरॉइडचा विकार असो की मधुमेह, बाटलीमुळे त्याचा शोध लांबणीवर पडतो तो वेगळाच.

केवळ पाणी शिरेतून देता येत नाही. शुद्ध पाणी रक्तात गेले तर तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. पाण्याचा परासरणी दाब रक्ताच्या जवळपास आणण्यासाठी त्यात काहीतरी विरघळवावे लागते आणि पाच टक्के ग्लुकोज नेमके तेच करते. प्लाझ्माचा परासरणी दाब २७५ ते २९५ मिलिऑस्मोलच्या दरम्यान असतो, तर पाच टक्के ग्लुकोजचा लिटरला सुमारे २५० ते २८० मिलिऑस्मोल. म्हणून बाटलीतून शिरेत उतरताना ते रक्ताशी जुळते. पण शरीरात साखर जळाली की हा दाब नाहीसा होतो आणि उरलेले पाणी पेशींच्या आत-बाहेर पसरते. एक लिटर पाच टक्के ग्लुकोज दिले तर त्यातले सुमारे दोन तृतीयांश पाणी पेशींच्या आत जाते, उरलेले पेशींबाहेर राहते आणि रक्तवाहिन्यांत जेमतेम ८० मिलिलिटर टिकते. रक्तस्राव, जुलाब, भाजणे किंवा डेंग्यूमुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला ग्लुकोजच्या बाटल्या भराभर देऊन काही साधत नाही ते याचमुळे. तेथे नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट लागते. बाटलीत समतोल आणि शरीरात निव्वळ पाणी, हे पाच टक्के ग्लुकोजचे दुहेरी रूप लक्षात ठेवले तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

वॉर्डात ग्लुकोजच्या नावाने वापरली जाणारी द्रावणे बरीच आहेत आणि बाटल्या दिसायला सारख्याच असतात. पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास टक्के अशा चार मुख्य तीव्रता आहेत. पाच टक्के द्रावण पाणी पुरवण्यासाठी आणि इतर औषधे मिसळण्यासाठी असते. दहा टक्के नवजात बालकांसाठी आणि साखर टिकवून धरण्यासाठी असते. पंचवीस आणि पन्नास टक्के ही एकदम खाली गेलेली साखर वर आणण्यासाठी असतात. याशिवाय ग्लुकोज आणि मीठ एकत्र असलेली द्रावणे आहेत. त्यांतले डीएनएस सर्वांत प्रचलित. त्यात पाच टक्के ग्लुकोज आणि ०.९ टक्के मीठ असते, म्हणजे लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम. बाटलीतला त्याचा दाब ५६० मिलिऑस्मोलच्या आसपास, म्हणजे रक्ताच्या जवळजवळ दुप्पट असतो. साखर वापरली गेल्यावर मागे राहते ते मात्र नॉर्मल सलाईनच. म्हणून हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्या रुग्णाला डीएनएस देताना तो मिठाचा भार आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. मधुमेही रुग्णाला सवयीने डीएनएस लावले तर साखरही चढते. तिसरा गट कमी सोडियमच्या बहुक्षारी द्रावणांचा. मुलांसाठीचे म्हणून ओळखले जाणारे आयसोलाइट-पी या गटातले. त्यात पाच टक्के ग्लुकोज असते आणि लिटरला सोडियम केवळ २५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास. शरीराच्या दृष्टीने त्यातला मोठा भाग निव्वळ पाणीच असतो.

ग्लुकोज द्रावणांचा सर्वांत गंभीर धोका साखरेपासून नसून या पाण्यापासून आहे. निरोगी माणूस जास्तीचे पाणी लघवीवाटे काढून टाकतो. आजारी माणसाला ते जमेलच असे नाही. शस्त्रक्रिया, वेदना, उलट्या, न्यूमोनिया, मेंदूज्वर, दमा आणि अनेक औषधे यांमुळे शरीरात अँटिडाययुरेटिक हार्मोन स्रवत राहते आणि मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात. अशा वेळी कमी सोडियमचे द्रावण चालू राहिले तर रक्तातले सोडियम घसरते, पाणी मेंदूच्या पेशींत शिरते आणि कवटीच्या बंदिस्त जागेत मेंदू सुजतो. डोकेदुखी, मळमळ, पुन्हा सुरू झालेल्या उलट्या, चिडचिड, सुस्ती अशी लक्षणे आधी दिसतात. मग आकडी येते आणि शेवटी श्वास थांबतो. लहान मुलांत मेंदूभोवती मोकळी जागा कमी असल्याने हा प्रवास काही तासांतच होतो. सुरुवातीची लक्षणे शस्त्रक्रियेनंतरच्या नेहमीच्या तक्रारींसारखी असल्यामुळे फसगत होते. उलट्या होत आहेत म्हणून तेच द्रावण आणखी वेगाने दिले जाते आणि रोगाला इंधन मिळते.

मुलांना कमी सोडियमचे द्रावण देण्याची प्रथा १९५७ साली मॅल्कम हॉलिडे आणि विल्यम सीगर यांनी मांडलेल्या हिशेबातून रुजली. पहिल्या दहा किलो वजनाला दर किलोमागे रोज १०० मिलिलिटर, पुढच्या दहा किलोंना ५० आणि त्यापुढे २० मिलिलिटर, हे त्यांचे सूत्र आजही वापरात आहे. सोडियमचा अंदाज त्यांनी दुधातल्या प्रमाणावरून बांधला होता. निरोगी बाळाला तो पुरतो. आजारी मुलाच्या शरीरात पाणी अडून राहते, याचा हिशेब त्यात नव्हता. उत्तर आयर्लंडमध्ये ०.१८ टक्के मीठ आणि चार टक्के ग्लुकोजच्या द्रावणाशी निगडित बालमृत्यूंमुळे सार्वजनिक चौकशी नेमावी लागली. न्यायमूर्ती जॉन ओहारा यांच्या अध्यक्षतेखालील या चौकशीचा अहवाल २०१८ च्या जानेवारीत आला. त्याआधी, २००७ साली, ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने मुलांसाठी या द्रावणाचा सर्रास वापर थांबवण्याचा इशारा दिला होता. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१८ मध्ये २८ दिवसांच्या बाळापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना नेहमीच्या देखभालीसाठी रक्ताइतके सोडियम असलेले द्रावण, त्यात योग्य ते पोटॅशियम आणि ग्लुकोज मिसळून द्यावे, अशी शिफारस केली. काही आजार त्यातून वगळले आहेत. मेंदूची शस्त्रक्रिया झालेली, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली, तीव्र जुलाब लागलेली मुले यांचा विचार वेगळा करावा लागतो. मुख्य सूत्र मात्र स्पष्ट आहे. मुलाला साखर द्यायची तर तिच्यासोबत सोडियम हवेच.

हाच धोका प्रसूतिकक्षातही असतो. कळा वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनमध्ये पाणी धरून ठेवण्याचा गुण असतो. ते पाच टक्के ग्लुकोजमध्ये घालून तासन्‌तास चालू ठेवले तर आईचे सोडियम घसरून आकडी येऊ शकते. शिवाय आईच्या रक्तातली साखर वाढली की गर्भाचे इन्सुलिनही वाढते. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा तुटतो, इन्सुलिन तसेच राहते आणि बाळाची साखर कोसळते. म्हणून ऑक्सिटोसिनसाठी नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट वापरणे श्रेयस्कर असते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात तर निव्वळ ग्लुकोजची बाटली टाळायचीच असते. तिच्यातले पाणी मेंदूची सूज वाढवते आणि वाढलेली साखर जखमी पेशींचे नुकसान वाढवते. अशा रुग्णाची साखर कमी असल्याचे तपासणीत दिसले तर ती भरून काढायची, पण केवळ ती भरण्यापुरतीच.

जुलाब आणि कॉलऱ्यात निव्वळ ग्लुकोज द्रावण अपुरे पडते, कारण रुग्ण पाण्याबरोबर क्षारही गमावत असतो. तेथे शिरेतून रिंगर लॅक्टेट आणि तोंडाने जलसंजीवनी द्यायची. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. जलसंजीवनी याच तत्त्वावर चालते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून कॉलऱ्याच्या रुग्णांवर उपचार केले आणि हा मार्ग किती परिणामकारक आहे, हे जगाला दिसले. जो रुग्ण पिऊ शकतो, त्याला शिरेतून देण्याआधी तोंडाचा मार्ग पाहायचा, हा ग्लुकोजच्या सुरक्षित वापराचाच भाग आहे.

ग्लुकोज ज्या स्थितीत जीव वाचवते, ती म्हणजे साखर धोकादायक कमी होणे. रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हायचे. ५४ च्या खाली गेल्यास मेंदूवर परिणाम दिसू लागतो. बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या प्रत्येक रुग्णाची साखर ग्लुकोमीटरवर लगेच पाहावी. तपासणी शक्य नसेल आणि संशय बळकट असेल, तर ग्लुकोज देण्यात उशीर करू नये. रुग्ण शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तोंडाने १५ ग्रॅम साखर देणे पुरते. प्रौढ रुग्ण गिळण्याच्या स्थितीत नसेल, तर पंचवीस टक्के द्रावणाचे १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, मोठ्या शिरेतून सावकाश द्यावे. दहा टक्के द्रावण १५० ते २०० मिलिलिटर १५ मिनिटांत दिले तरी चालते. त्याने शिरेला इजा कमी होते आणि नंतर साखर उसळण्याचे प्रमाणही कमी राहते. १५ मिनिटांनी साखर पुन्हा पाहावी. शीर मिळत नसेल तर स्नायूत ग्लुकागॉन एक मिलिग्रॅम देता येते. नवजात बालकात दहा टक्के द्रावणाचे दर किलोमागे दोन मिलिलिटर द्यायचे आणि लगेच ग्लुकोजची सलग धार सुरू करायची. पंचवीस किंवा पन्नास टक्के द्रावण तसेच्या तसे नवजाताला देऊ नये. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळात परासरणी दाबाच्या अशा धक्क्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

साखर वर आली, रुग्णाने डोळे उघडले, म्हणजे काम संपले असे नाही. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर खाली गेली असेल, तर गोळीचा परिणाम बराच काळ टिकतो. मूत्रपिंड कमकुवत असलेल्या वृद्धात तो आणखी लांबतो. बाटलीतले ग्लुकोज तासाभरात संपते आणि गोळी काम करतच राहते. असा रुग्ण शुद्धीवर आल्यावर घरी पाठवला तर रात्री पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. त्याला दाखल करून निदान २४ तास साखर पाहत राहणे आवश्यक असते. तीव्र मलेरियातही साखर वारंवार घसरते, विशेषतः क्विनीन चालू असताना, कारण क्विनीनने इन्सुलिन स्रवते.

मधुमेहातील कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये ग्लुकोज देणे वरवर उलटे वाटते. इन्सुलिनने साखर २५० मिलिग्रॅमच्या आसपास आली, तरी रक्तातली कीटोनची आम्ले अजून शिल्लक असतात. ती जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवावे लागते आणि साखर घसरू नये म्हणून पाच टक्के ग्लुकोज जोडावे लागते. या टप्प्यावर साखर उतरली म्हणून इन्सुलिन थांबवणे ही नेहमीची चूक आहे. रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढले असता १० युनिट साधे इन्सुलिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज एकत्र देतात. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते, ग्लुकोज साखर सावरते. इन्सुलिनचा परिणाम ग्लुकोजपेक्षा जास्त वेळ टिकतो, म्हणून पुढचे सहा तास साखर तपासत राहावे लागते. याच कारणाने पोटॅशियम कमी असलेल्या रुग्णाला ते भरून देताना पाच टक्के ग्लुकोजचे माध्यम टाळतात. ग्लुकोजने रुग्णाचे स्वतःचे इन्सुलिन जागे होते आणि पोटॅशियम आणखी घसरते.

उपाशी, कुपोषित किंवा दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत दोन गोष्टी विसरता येत नाहीत. ग्लुकोज जाळण्यासाठी थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व लागते. शरीरातला साठा संपत आलेला असताना ग्लुकोजचा मारा केला तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि वर्निकेचा मेंदूविकार उफाळतो. गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीतला दोष आणि चालताना तोल जाणे ही त्याची खूण. १८८१ साली कार्ल वर्निके यांनी त्याचे वर्णन केले. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन द्यावे. साखर खाली असेल तर मात्र थायमिनची कुपी येईपर्यंत ग्लुकोज अडवून धरू नये. दुसरी गोष्ट म्हणजे पुनर्पोषणाचा धोका. उपासमारीनंतर अचानक साखर मिळाली की इन्सुलिन वाढते आणि फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत खेचले जातात. रक्तात त्यांची पातळी कोसळल्याने हृदयाची लय बिघडते, श्वसनाचे स्नायू थकतात. अशा रुग्णाचे पोषण थोडक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचे आणि रोज क्षार तपासायचे.

तीव्रता जसजशी वाढते तशी शीर तक्रार करू लागते. पंचवीस टक्के द्रावणाचा दाब लिटरला १२०० मिलिऑस्मोलच्या वर, तर पन्नास टक्क्यांचा २५०० च्या वर असतो. हातावरच्या बारीक शिरेतून सलग द्यायचे असेल तर दहा, फार तर साडेबारा टक्क्यांपर्यंतच जावे. त्याहून तीव्र द्रावण सलग द्यायचे तर मध्यवर्ती शिरेतली नळी हवी. तातडीत पंचवीस टक्के द्यावे लागले, तर कोपराजवळची मोठी शीर निवडावी, सुई शिरेतच आहे याची सलाईन ढकलून खात्री करावी आणि हाताकडे पाहत सावकाश द्यावे. द्रावण शिरेबाहेर झिरपले तर त्वचा आणि खालची ऊती काळी पडून झडू शकते. रुग्णाने जळजळ होते असे सांगितले किंवा सुईभोवती फुगवटा दिसला, की धार लगेच थांबवावी. सुई न काढता तिच्यातूनच जमेल तेवढा द्रव मागे ओढावा, मग सुई काढून हात उंच ठेवावा आणि डॉक्टरांना कळवावे.

ग्लुकोजचा वेग शरीराच्या क्षमतेत बसवावा लागतो. आजारी प्रौढाचे शरीर दर किलोमागे मिनिटाला चार ते पाच मिलिग्रॅमपर्यंत ग्लुकोज जाळू शकते. त्यापुढचे ग्लुकोज चरबीत रूपांतरित होते किंवा रक्तात साचते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी व क्षार ओढून नेते. बाटली चालू असूनही रुग्ण कोरडा पडतो. नवजात बालकात वेगाचा हिशेब रोजच करावा लागतो. दर किलोमागे दिवसभरात द्यायचे मिलिलिटर गुणिले द्रावणाची टक्केवारी, भागिले १४४. दहा टक्के द्रावण दर किलोमागे ८० मिलिलिटर दिले, तर उत्तर दर किलोमागे सुमारे ५.६ मिलिग्रॅम प्रति मिनिट येते. प्रौढांसाठी पंप नसेल तेथे थेंब मोजावे लागतात. मिलिलिटरला २० थेंब देणाऱ्या सेटने ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे, तर मिनिटाला ४२ थेंब पडायला हवेत. सूक्ष्म थेंबांच्या सेटला मिलिलिटरला ६० थेंब लागतात, म्हणून सेट बदलला की मोजणी नव्याने करावी. लहान मुलांना मोठ्या बाटलीतून थेट धार लावण्याऐवजी मापाच्या नळकांड्याचा सेट किंवा पंप वापरावा, म्हणजे क्लॅम्प सैल राहिला तरी सगळी बाटली आत जात नाही.

मिसळणे हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. पाच टक्के ग्लुकोज किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे काही औषधे त्यात टिकतात आणि काही बिघडतात. अँफोटेरिसिन-बी आणि अमिओडारोनसाठी पाच टक्के ग्लुकोज हेच योग्य माध्यम आहे. अँफोटेरिसिन-बी सलाईनमध्ये साक्याच्या रूपात तळाशी बसते. फेनिटॉइनचे उलट आहे. ग्लुकोजमध्ये त्याचे स्फटिक होतात, म्हणून ते सलाईनमध्येच द्यावे. अँपिसिलिनची ताकद ग्लुकोजमध्ये झपाट्याने घटते. रक्त चढवण्याच्या नळीतून ग्लुकोज कधीही देऊ नये. तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, फुगतात आणि फुटतात. पोटॅशियम क्लोराइड बाटलीत घातले तर बाटली अनेकदा उलटसुलट करून नीट मिसळावी. ते जड असल्याने तळाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांतच तीव्र मात्रा शिरेत जाते. टांगलेल्या बाटलीत ते कधीच टोचू नये. दहा टक्के द्रावण तयार मिळत नसेल, तर पाच टक्क्यांचे ७५ मिलिलिटर आणि पंचवीस टक्क्यांचे २५ मिलिलिटर निर्जंतुक पद्धतीने एकत्र केल्यास १०० मिलिलिटर दहा टक्के द्रावण मिळते. जे काही मिसळले ते, त्याची मात्रा, वेळ आणि मिसळणाऱ्याची सही बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहावी.

चुकीच्या रक्तनमुन्यातूनही अपघात होतो. ज्या हाताला ग्लुकोज चालू आहे, त्याच हातातून रक्त घेतले तर साखर खोटी वाढलेली आणि सोडियम खोटे कमी दिसते. नमुना दुसऱ्या हातातून घ्यावा. अतिदक्षता विभागात धमनीतल्या नळीला धुण्यासाठी सलाईनऐवजी चुकून ग्लुकोजची पिशवी लागली, तर त्या नळीतून घेतलेला प्रत्येक नमुना साखर जास्त दाखवतो. मग इन्सुलिन वाढवले जाते आणि प्रत्यक्षात साखर शून्याकडे जात राहते. यातून मेंदूला कायमची इजा झाल्याच्या आणि मृत्यूच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. धमनीच्या नळीला केवळ ०.९ टक्के सलाईनच लावायचे आणि पिशवीवरचे नाव दाबाच्या आवरणाखाली झाकले जाऊ द्यायचे नाही, हा नियम याच अनुभवातून आला.

निर्जंतुकतेबाबत ग्लुकोज विशेष नाजूक आहे. क्लेब्सिएला, एंटेरोबॅक्टर, सेरेशिया या गटातले जंतू पाच टक्के ग्लुकोजमध्ये खोलीच्या तापमानाला वेगाने वाढतात. दर मिलिलिटरला दहा लाख जंतू झाले तरी द्रावण डोळ्यांना स्वच्छ दिसू शकते. १९७२ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या दूषित बाटल्यांमुळे रुग्ण दगावले. चौकशीत आढळले, की ऑटोक्लेव्हच्या तळाशी हवा अडकून राहिल्याने खालच्या थरातल्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या. जंतू मारले म्हणजेही पुरते असे नाही. १९२३ साली फ्लोरेन्स सीबर्ट यांनी दाखवले, की शिरेतून दिलेल्या द्रवानंतर येणारा ताप पाण्यात आधी वाढलेल्या जंतूंच्या उष्णतेनेही न मोडणाऱ्या अंशामुळे येतो. भारतात २०११ च्या सुरुवातीला जोधपूरच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात अनेक प्रसूत महिलांचा मृत्यू झाला, तेव्हाही शिरेतून दिलेल्या द्रवातील दूषितपणाचा संशय तपासाच्या केंद्रस्थानी होता.

म्हणून बाटली टांगण्याआधी ती उजेडात धरून कण, गढूळपणा, तंतू पाहावेत. दाबून कोठे गळते का ते पाहावे. नाव, टक्केवारी, मुदत आणि बॅच क्रमांक वाचून केसपेपरवर लिहावा. बाटलीच्या रंगावरून किंवा ठेवण्याच्या जागेवरून ओळखण्याची सवय घातक ठरते. नाव वाचणे एवढीच खरी ओळख. धार नीट पडावी म्हणून बाटलीच्या बुडाला सुई खुपसून हवा आत घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्या भोकातून वॉर्डातली हवा आणि तिच्यातले जंतू थेट साखरेच्या पाण्यात जातात. मऊ पिशवीला हवेची गरज नसते. ताठ बाटलीसाठी गाळणी असलेला हवामार्गाचा सेट मिळतो. अर्धी उरलेली बाटली दुसऱ्या रुग्णासाठी ठेवू नये. पंचवीस टक्क्यांच्या बाटलीतून गरजेपुरते काढून बाकीचे कपाटात ठेवणेही तितकेच चुकीचे आहे.

धार चालू असताना कशावर लक्ष ठेवायचे ते थोडक्यात असे. साखर ठरलेल्या अंतराने, इन्सुलिन चालू असेल तर तासातासाने पाहावी. एका दिवसाहून अधिक काळ देखभालीचे द्रव चालू असतील तर सोडियम आणि पोटॅशियम रोज तपासावे. आत गेलेला द्रव, लघवी, वजन यांची नोंद ठेवावी. सुईची जागा दर पाळीला पाहावी. नव्याने डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी आली तर कमी सोडियमचे द्रावण आधी थांबवून सोडियम पाहावे. सोडियम उतरल्याने आकडी आली असेल, तर तीन टक्के सलाईनसह तातडीचा उपचार लागतो. थंडी वाजून ताप आला तर बाटली व सेट काढावेत, पण फेकून न देता तसेच जपून ठेवावेत, रक्ताचे कल्चर घ्यावे आणि बॅच क्रमांकासह औषध विभागाला कळवावे. त्या बॅचच्या उरलेल्या बाटल्या बाजूला काढाव्यात. भारतात अशा घटनांची नोंद फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमात करता येते. दोष बाटलीतच असल्याचा संशय असेल, तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाला कळवायचे.

ग्लुकोजचा लेखी आदेश पूर्ण कसा असावा, हे आता ठरवता येते. त्यात द्रावणाचे पूर्ण नाव आणि टक्केवारी, मिसळायच्या औषधाची मात्रा, एकूण मिलिलिटर, तासाला किती मिलिलिटर, कशासाठी, पुढची तपासणी केव्हा आणि बंद केव्हा करायचे, या सात गोष्टी हव्यात. ‘सलाईन चालू ठेवा’ हा आदेश होत नाही. देखभालीच्या द्रवाचा आदेश २४ तासांपुरताच असावा आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण तपासून, क्षारांचे आकडे पाहून नव्याने लिहावा. रुग्ण तोंडाने पुरेसे घेऊ लागला की बाटली काढावी आणि गरज नसेल तर सुईही काढावी.